शेजारच्या गोडाऊनने भिंतीवर करंटच्या तारा टाकल्यात, आता जायचं कुठे?

वाचकांचे प्रश्न, वकीलकाकांची उत्तरं

या वेळी कुंपणाचे प्रश्न इतके आले की म्हटलं बाकीचे पुढच्या अंकात घेऊ आणि हा अंक कुंपणालाच देऊन टाकू. एका बाजूला कारखाना, गोडाऊन, वर्कशॉप किंवा मंगल कार्यालय, दुसऱ्या बाजूला घरं, आणि मध्ये कोणीतरी सिक्युरिटीच्या नावाखाली भिंत उंच केली, वर वाय आकाराचे लोखंडी अँगल ठोकले, काटेरी तारेची कॉइल टाकली, करंट सोडला किंवा चार हॅलोजन लावले. सगळ्या पत्रांत एक वाक्य हटकून आहे, "ते म्हणतात आमचा झोन आहे, आम्ही काहीही करू". या झोनवाल्या वाक्याचं काय करायचं ते बघू. नावं-गावं जिथे नको म्हणाले तिथे काढली आहेत, कंपन्यांची तर सगळ्यांचीच.

प्रश्न : वकीलकाका नमस्कार. आमची सोसायटी चाकणच्या पुढे आहे आणि आमच्या मागच्या भिंतीला लागून एक मोठं गोडाऊन आहे. दिवाळीनंतर त्यांच्याकडे चोरी झाली म्हणे, तेव्हापासून त्यांनी भिंतीवर लोखंडी अँगल लावून सहा-सात तारा ओढल्यात आणि त्यात करंट आहे, रात्री टक टक असा आवाज येतो. अँगल आमच्या बाजूला झुकलेत. त्याच भिंतीपाशी आमचं मुलांचं खेळायचं ग्राउंड आहे, बॉल रोज वर जातो. ग्रामपंचायत म्हणते आमच्या हातात नाही, पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर आहे, गोडाऊनचा मॅनेजर म्हणतो आमचा इंडस्ट्रियल झोन आहे तुम्हीच चुकीच्या ठिकाणी घर घेतलंत. काय करावं? – सोसायटी सेक्रेटरी

सेक्रेटरी साहेब, कागदपत्रं वगैरे नंतर, आधी आज संध्याकाळी करायचं ते सांगतो. भिंतीपासून दहा-बारा फुटांवर एक दोरी बांधा आणि मुलांना त्याच्या पुढे जायचं नाही हे सांगा, बॉल गेला तर गेला. कोणीही हुशारी करून टेस्टर लावून बघायचं नाही, लाकडाने तार ढकलून बघायची नाही, आणि त्या अँगलला कपडे वाळत घालायची दोरी बांधली असेल (असते, मला माहितेय, प्रत्येक सोसायटीत कोणीतरी बांधतंच) तर ती आजच सोडायला लावा पण तारेला हात न लावता, म्हणजे आपल्या बाजूचं टोक कापून.

आता करंटचे दोन प्रकार असतात आणि तुमचं निम्मं प्रकरण या फरकावर उभं आहे. एक म्हणजे झटका मशीन, शेतात रानडुकरासाठी लावतात तेच, सिक्युरिटीवाले त्याला एनर्जायझर म्हणतात. हे मशीन सलग करंट सोडत नाही, साधारण सेकंदाला एक ठोका सोडतं, व्होल्टेज हजारोंमध्ये असतं पण ठोका इतका क्षणिक की माणूस झटका खाऊन मागे फेकला जातो, चिकटून बसत नाही. तुम्ही लिहिलेला टक टक आवाज बहुतेक याचाच आहे, कुठेतरी इन्सुलेटर फुटलाय किंवा वेल तारेला टेकलाय तिथे ठिणगी उडतेय. दुसरा प्रकार म्हणजे मीटरची २३० व्होल्टची लाईन सरळ तारेत जोडून देणं, हा नुसता माणूस मारायचा सापळा आहे, तो कुठल्याच झोनमध्ये चालत नाही आणि तसा संशय जरी आला तरी वाट न बघता वीज कंपनीला आणि पोलिसांना लेखी कळवायचं.

मशीनचं कुंपण असेल तरी ते कसंही लावून चालत नाही. या यंत्रांसाठी आयईसी (विजेच्या उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) ६०३३५ मालिकेतला भाग २-७६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि आपल्याकडे त्याच धर्तीवर आयएस म्हणजे भारतीय मानक ३०२ मालिकेत त्याच क्रमांकाचा विभाग आहे. आंतरराष्ट्रीय मानकात सिक्युरिटी कुंपणासाठी दोन गोष्टी अशा आहेत की त्या तुम्ही नुसत्या डोळ्यांनी तपासू शकता. इशाऱ्याच्या पिवळ्या पाट्या प्रत्येक गेटवर आणि जास्तीत जास्त दहा दहा मीटरवर हव्यात, पाटी किमान १०० बाय २०० मिलिमीटरची. आणि जिथे लोकांचा वावर आहे तिथून करंटची तार एका साध्या अडथळ्याने वेगळी केलेली हवी, तो अडथळा किमान दीड मीटर उंच. म्हणजे कल्पना अशी की येणाऱ्याजाणाऱ्याचा हात चुकून तारेला लागता कामा नये, जो मुद्दाम चढेल त्यालाच लागावा. तुमच्या बाजूला झुकलेले अँगल या कल्पनेच्या बरोब्बर उलट आहेत. पाट्या आहेत का, तुमच्या बाजूने दिसतात का, त्यांच्याच बाजूला लावल्यात का, याचे फोटो काढा, तारीख वेळ दिसेल असे.

हे सगळं घेऊन जायचं जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांकडे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६२ खाली हे पद नेमलेलं असतं आणि गंमत म्हणजे लोक वीज कंपनी, ग्रामपंचायत, आमदार, सगळीकडे जातात पण या ऑफिसात कोणी जात नाही, बऱ्याच जणांना असं ऑफिस आहे हेच माहिती नसतं. तिथे अर्ज करताना झोनबद्दल एक शब्द लिहू नका. फक्त लिहा की अमुक ठिकाणी भिंतीवर विद्युतभारित तारा आहेत, बाजूला मुलांचं मैदान आहे, पाट्या नाहीत, अर्थिंग आणि मशीनचा दर्जा तपासून मिळावा. अर्जाची पोच घ्या.

पोलिसांनी सिव्हिल मॅटर म्हटलं ते अर्धंच खरं. भिंत कोणाची हा वाद सिव्हिल. पण निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, त्यासाठी कोणी मरावंच लागतं असं नाही. कलम नंबर लिहून लेखी तक्रार द्या, तोंडी बोलून येऊ नका. तोंडी गेलात की चहा मिळतो, लेखी गेलात की आवक नंबर मिळतो.

आता त्या मॅनेजरच्या झोनकडे येऊ. झोन म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेचा वापर कशासाठी ठरवलाय ते. इंडस्ट्रियल झोनमध्ये गोडाऊन चालतं एवढंच त्यातून कळतं, भिंत किती उंच, त्यावर काय, कोणाच्या हद्दीत, याचं उत्तर झोनमध्ये नसतं. आणि मुळात तो म्हणतोय ते खरं आहे का ते तरी बघा. तुमच्याकडच्या पट्ट्यात जागेजागेला नियोजन प्राधिकरण बदलतं, चाकण शहराला नगरपरिषद आहे, आजूबाजूची बरीच गावं पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहेत, आणि एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे आणि तिची नियमावली वेगळी. त्यामुळे ग्रामपंचायत हात वर करते त्यात तिचा फार दोष नाही. गोडाऊनचा गट नंबर सातबाऱ्यावरून काढा, ज्या प्राधिकरणाची हद्द असेल तिथे झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, तो कोणालाही फी भरून मिळतो, मालकच असावं लागत नाही. मग माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांत, त्या गटावरची बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि कंपाउंड वॉलची परवानगी मागा. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. यात कधी कधी असं निघतं की ज्याला इंडस्ट्रियल झोन म्हणत होते तो शेती विभाग आहे आणि गोडाऊनचीच परवानगी नाही, मग प्रकरणाचा रंगच बदलतो. पण ते निघेलच असं धरून चालू नका.

भिंतीच्या उंचीचं तुमच्या फार कामाचं आहे. मुंबई, एमआयडीसी आणि काही मोजके भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच एकत्रित विकास नियमावली लागू आहे, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. त्यात कंपाउंड वॉल साधारणपणे समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटर उंच, आणि २.४ मीटरपर्यंत जायचं तर दीड मीटरच्या वरचा भाग जाळीचा म्हणजे आरपार दिसणारा. कारखाने, शाळा, दवाखाने, वीज उपकेंद्रं अशांना प्राधिकरण २.४ मीटरपर्यंत परवानगी देऊ शकतं. "देऊ शकतं" म्हणजे मागावी लागते, आपोआप मिळत नाही. आणि इथे एक खाचखळगा आहे, शब्दशः, कारण गोडाऊनवाले भराव टाकून त्यांची लेव्हल वर घेतात, त्यांच्या बाजूने भिंत पाच फुटांची दिसते आणि तुमच्या बाजूने अकरा फुटांची. मोजायचं रस्त्यापासून, त्यांच्या भरावापासून नाही. इंजिनिअरकडून लेव्हल घेऊन एक साधं रेखाचित्र करून तक्रारीला जोडा, अधिकाऱ्याला ते एक चित्र तुमच्या सहा पानांपेक्षा लवकर कळतं. परवानगीशिवाय काम झालं असेल तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चं कलम ५३, काम अजून चालू असेल तर कलम ५४ खाली काम थांबवायची नोटीस. चालू असताना गेलात तर फायदा जास्त, एकदा उभं राहिलं की पाडायला कोणाला घाई नसते.

राहिली भिंत. ती कोणाच्या पैशाने, कोणाच्या जागेत बांधली ते बिल्डरच्या मंजूर नकाशात बघा. सामाईक असेल तर एकाने दुसऱ्याला न विचारता त्यावर काही ठोकायचं नाही. त्यांचीच असली तरी तुमच्या बाजूला झुकलेले अँगल तुमच्या हद्दीवरून गेलेत, जमिनीला नाही टेकले म्हणून काय झालं. खात्री नसेल तर भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका, पण ही सगळ्यात हळू चालणारी गोष्ट आहे, ती सुरू करून ठेवा आणि तिच्यावर बाकीचं अडवून ठेवू नका. मी अशी प्रकरणं बघितली आहेत की मोजणी होईपर्यंत थांबू म्हणत लोकांनी करंटबद्दल तक्रारच केली नाही. करंट कोणाच्याही हद्दीत असला तरी करंटच असतो.

माझं स्पष्ट मत सांगू का, तुम्ही कुंपण काढायला लावायच्या मागे लागू नका. त्यांच्याकडे चोरी झालीय, ते घाबरलेले आहेत, कुंपण त्यांना हवंच आहे. मागणी अशी ठेवा की अँगल सरळ किंवा त्यांच्या बाजूला वळवा, करंटची तार त्यांच्या भिंतीच्या आत तीन-चार फुटांवर वेगळ्या खांबांवर घ्या, तुमच्या बाजूने पाट्या लावा, आणि मशीनचं सर्टिफिकेट सोसायटीला दाखवा. ही मागणी लेखी देऊन पंधरा दिवस द्या. ऐकलं तर सगळ्यांचं भलं, नाही ऐकलं तर पुढे प्रत्येक ऑफिसात आणि कोर्टात हे पत्र सगळ्यात वर लावायचं.

प्रश्न : काका, मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून आधीच सांगतो. इचलकरंजीत माझी यंत्रमागाची शेड आहे, वडिलांनी १९९२ ला बांधली तेव्हा आजूबाजूला माळ होता. आता तिन्ही बाजूंनी घरं आलीत. वर्षात दोनदा मोटारी आणि केबल चोरीला गेली, पोलिसांत गेलो, काही झालं नाही. आता कुंपण करायचं म्हटलं की शेजारी अंगावर येतात, आधी शेडचा आवाज म्हणून भांडत होते आता तारेवरून. आम्ही आधी आलो ना इथे? मग आम्हीच का नमतं घ्यायचं?

तुमची चीड कळते आणि ती रास्त आहे. ज्यांनी शेड दिसत असताना घरं घेतली त्यांनी नंतर शेडच्या अस्तित्वावरच भांडायचं हे मला स्वतःला पटत नाही. कायदाही इथपर्यंत तुमच्या बाजूने आहे, पूर्वीपासून रीतसर परवानगीने चालू असलेला वापर नंतर आजूबाजूला वस्ती झाली म्हणून एका रात्रीत बेकायदा होत नाही. म्हणून १९९२ ची बांधकाम परवानगी, शॉप अॅक्ट किंवा कारखान्याचं लायसन, वीज जोडणीची जुनी बिलं, घरफाळ्याच्या पावत्या हे सगळं एका फायलीत लावा, लॅमिनेशन करू नका, झेरॉक्सचे दोन सेट काढून ठेवा.

पण आधी आलो हे शेडला लागू होतं, आज नव्याने टाकायच्या तारेला नाही. तार २०२० नंतरची तर नियमही २०२० च्या एकत्रित नियमावलीचे.

आणि करंट सोडायचा विचार असेल तर एक जुना निकाल सांगतो, वकिलीच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांना शिकवतात. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६३. झालं असं की शेजारच्या घराच्या संडासाची भिंत पडली म्हणून त्या घरातली माणसं आरोपीच्या संडासात जायला लागली, त्याने चारदा सांगून बघितलं, ऐकेनात, तेव्हा त्याने जायच्या वाटेवर उघडी तांब्याची तार आडवी लावून तिच्यात करंट सोडला, कुठे काही सूचना नाही. शेजारची बाई तारेला लागून मेली. आरोपीचं म्हणणं माझी जागा, मी माझ्या मालमत्तेचं रक्षण करत होतो, ती बिनपरवानगी आली होती. कोर्टाने सांगितलं की बिनपरवानगी घुसणाऱ्या माणसालाही कायद्याचं संरक्षण असतं, तो आत आला म्हणून मालकाला त्याला इजा करायचा हक्क मिळत नाही, आणि जे स्वतःच्या हाताने करता येत नाही ते तार लावून आडून करता येत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलची त्याची शिक्षा कायम झाली. तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३०४-अ म्हणजे आताच्या न्याय संहितेचं कलम १०६, आणि शिक्षेची मर्यादा आता दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेलीय. शिवाय तुमच्या तारेला चोर लागायच्या आधी शेजारचं पोर किंवा तुमचाच रात्रपाळीचा कामगार लागायची शक्यता जास्त, विशेषतः पावसाळ्यात.

म्हणून माझा सल्ला, तुमच्या शेडला करंटची गरजच नाही. चोरी होते ती केबल आणि मोटारीची, म्हणजे चोर गाडी किंवा किमान हातगाडी घेऊन येतो आणि त्याला बाहेर न्यायला वाट लागते. गेट आणि मागची खिडकी पक्की करा, छपराचा पत्रा जिथून उचकटतात तिथे आतून जाळी मारा, कॅमेरा गेटवर आणि आतल्या बाजूला लावा. कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडकीत बघणारा नको, तुमच्याकडची निम्मी भांडणं तिथूनच पेटतात. भिंतीवर साधी काटेरी तार किंवा जाळी दिसेल अशी, तुमच्याच बाजूला झुकलेली. जुन्या घरांच्या भिंतींवर फुटक्या बाटल्यांच्या काचा बसवलेल्या असायच्या, ते करू नका, मांजराशिवाय कोणी अडत नाही आणि कोणाचा हात कापला की उगाच केस. महापालिकेकडे भिंतीच्या उंचीचा अर्ज आधी टाका, काम नंतर.

आणि कुंपण करायच्या आधी तिन्ही बाजूंच्या घरांत एकेकदा जाऊन या. परवानगी मागायला नाही, सांगायला. शेजारच्या वहिनींनी रात्री दोनला खिडकीतून बघितलं आणि फोन केला तर ती कुठल्याही तारेपेक्षा भारी सिक्युरिटी आहे, पण त्यासाठी त्यांच्याकडे तुमचा नंबर पाहिजे आणि मनात राग नको.

प्रश्न : नमस्कार काका. मी न्यू जर्सीत राहते, अंक आईकडून येतो. आमच्या बॅकयार्डच्या मागे एक ट्रक पार्किंग यार्ड आहे. त्यांनी दहा फुटी फेन्स आणि वर काटेरी तार लावण्यासाठी व्हेरिअन्स (म्हणजे नियमातून सूट) मागितला आहे आणि आम्हाला सर्टिफाइड मेलने नोटीस आली. नवरा म्हणतो आपण कशाला पडायचं, टाउन बघून घेईल. तुम्ही तिकडचे प्रश्न घेता का माहीत नाही, तरी लिहिते.

घेतो की ताई, फक्त मी तिथला वकील नाही, तुमच्या राज्याचा कायदा सगळ्यांना वाचता येण्यासारखा आहे त्यावरून सांगतो. आणि मिस्टरांना सांगा की टाउन बघून घेईल म्हणूनच तर टाउनने तुम्हाला पत्र पाठवायला लावलंय.

तिथल्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये असं आहे की अशा सुनावणीची नोटीस जागेपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना किमान दहा दिवस आधी गेली पाहिजे. इकडच्या वाचकांनी हे वाक्य परत वाचावं, कारण आपल्याकडे शेजारच्या भिंतीची बातमी आपल्याला ड्रिल मशीनच्या आवाजाने कळते. तिथे अर्जाचे नकाशे आणि कागदसुद्धा सुनावणीच्या दहा दिवस आधीपासून म्युनिसिपल ऑफिसात बघायला ठेवलेले असतात. जा आणि बघा, फोटो काढा. काटेरी तार कुठल्या बाजूला आहे, फेन्स प्रॉपर्टी लाईनपासून किती आत आहे, झाडं काढणार का, दिवे कुठे लावणार, हे नकाशातच असतं.

अर्ज कुठल्या प्रकारचा आहे ते नोटिशीवरून कळेल. उंची, अंतर अशा गोष्टींची सूट असेल तर तो सी प्रकारचा व्हेरिअन्स, आणि त्या झोनमध्ये तो धंदाच बसत नसेल तर डी प्रकारचा, डी साठी झोनिंग बोर्डाच्या सातपैकी पाच जणांचा होकार लागतो, म्हणजे त्यांना जास्त अवघड. फेन्सच्या उंचीचे आणि काटेरी तारेचे नियम टाउनप्रमाणे बदलतात, तुमच्या टाउनची झोनिंग ऑर्डिनन्स काढून फेन्सेस हा भाग वाचा, घरांना लागून काटेरी तारेला बंदी असेल तर ती तिथेच लिहिलेली सापडेल.

एक गोष्ट मात्र मराठी माणूस तिथे हमखास करतो ती करू नका, पन्नास शेजाऱ्यांच्या सह्यांचं निवेदन घेऊन जाणं. आपल्याकडे सह्यांचं वजन पडतं, तिथे सुनावणी शपथेवर चालते आणि सही करणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही म्हणून त्या कागदाला जवळपास किंमत नसते. त्यापेक्षा पाच शेजारी स्वतः हजर राहिले आणि एकेकाने एकेक मुद्दा बोलला, एकाने मुलांचा झोका फेन्सपासून किती फुटांवर आहे त्याचे फोटो दाखवले, एकाने रात्रीच्या दिव्याचे, तर बोर्डाला ते नोंदवून घ्यावं लागतं. त्यांच्या इंजिनिअरला आणि प्लॅनरला तुम्ही प्रश्नसुद्धा विचारू शकता, घाबरायचं नाही, इंग्लिश कशी आहे हे कोणी बघत नाही.

आणि जाताना फक्त विरोध घेऊन जाऊ नका, अट घेऊन जा. फेन्स द्या पण काटेरी तार घरांच्या बाजूला नको, फेन्स लाईनपासून आत घ्या, मध्ये बारमाही हिरव्या झाडांची दाट रांग लावा आणि ती जगवायची जबाबदारी यार्डवाल्यांची, दिव्यांना शेड लावा. बोर्डाला मंजुरी देताना अटी घालता येतात आणि शेजाऱ्यांनी नेमकी अट सुचवली तर त्यांचं कामच सोपं होतं. निकाल विरोधात गेला तर तो प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत सुपीरियर कोर्टात जायचं असतं, त्या टप्प्यावर मात्र तिथला वकील गाठा, माझ्या कॉलमवर अवलंबून राहू नका.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या वाडीतून मुख्य रस्त्याला जायची पायवाट एका मंगल कार्यालयाच्या जागेतून जाते, माझे आजोबासुद्धा तिथूनच जायचे. आता नवीन मालकाने सिक्युरिटी म्हणून चारी बाजूंनी जाळी मारली आणि गेटला कुलूप. आता आम्हाला लांबचा वळसा पडतो. सातबाऱ्यावर वाट नाही.

सातबाऱ्यावर वाट नाही म्हणून घाबरू नका, वहिवाट वेगळी गोष्ट आहे. सुखाधिकार कायदा १८८२, कलम १५, वीस वर्षं उघडपणे, न अडवता, हक्काने वापरलेली वाट. यातली मेख अशी की ती वीस वर्षं दावा लावायच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असली पाहिजेत, म्हणजे साध्या भाषेत वाट अडवल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टात जायचं. "बघू, बोलू, गणपतीनंतर बैठक घेऊ" करत दोन वर्षं घालवलीत तर आजोबा साक्षीला येणार नाहीत.

त्या वाटेने तुम्ही शेतात किंवा बागेत जात असाल तर अजून एक जवळचा रस्ता आहे, मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज, तिथे मुदत अडवल्यापासून सहाच महिने. पण तो शेतीच्या वाटेसाठी आहे, निव्वळ घरी जायच्या वाटेसाठी नाही, त्यामुळे अर्जात खरं काय ते लिहा. पुराव्याला जुने फोटो, लग्नाच्या वरातीचे असले तरी चालतील, पोस्टमन आणि दूधवाला यांचे जबाब, वाटेवर ग्रामपंचायतीने कधी दिवा किंवा पायऱ्या केल्या असतील तर त्याचा ठराव. जाळी स्वतः कापू नका. कितीही हात शिवशिवले तरी.

प्रश्न : शेजारच्या शोरूमने सिक्युरिटीसाठी चार हॅलोजन लावलेत, चारही आमच्या बेडरूममध्ये. रात्री जनरेटरही. तक्रार करायला आवाजाचा नियम आहे म्हणतात, प्रकाशाचा आहे का?

आवाजाचा आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. व्यापारी भागात रात्री ५५. तुमच्या घराचा भाग राहता म्हणून ठरलेला असेल तर तुमच्या खिडकीत ४५ धरायचं, त्यांच्या शोरूमच्या भागाचे ५५ नाही. प्रकाशाला असा आकडा लावून भांडता येत नाही, तिथे उपद्रव म्हणून जावं लागतं. एकट्या तुम्हाला त्रास असेल तर दिवाणी कोर्टात मनाईचा दावा, आळीतल्या बऱ्याच घरांना असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांतांकडे अर्ज, जुन्या सीआरपीसीचं म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ तेच हे.

पण त्याआधी शोरूमच्या मालकाला संध्याकाळी सातला घरी चहाला बोलवा आणि बेडरूममध्ये बसवून चहा द्या, दिवा बंद करून. हॅलोजनचं तोंड खाली वळवायला आणि वर पत्र्याची टोपी बसवायला इलेक्ट्रिशियनला अर्धा तास लागतो, त्याचे पैसे तुम्ही द्यायची तयारी दाखवलीत तरी वकिलाच्या फीपेक्षा स्वस्तच पडेल, आणि हे मी वकील असून सांगतोय.